झेरोव, रोमन कवी आणि पळपुटेपणाचा आरोप

एका वाचकाने विचारलेला प्रश्न दोन भागांत आहे. पहिला साधा: युक्रेनियन कवी-अनुवादकांपैकी एकालाच नीट समजून घ्यायचं असेल तर कोणाला घ्यावं? दुसरा जरा टोचणारा: देशात क्रांती, यादवी, उपासमार चालू असताना ही मंडळी स्वतःचं लिहिणं सोडून दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन कवींचे अनुवाद करत बसली, हा पळपुटेपणा नव्हे का?

पहिल्याचं उत्तर एका नावात देतो: मिकोला झेरोव, १८९० ते १९३७. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असं आहे, पण नुसतं 'नाही' म्हणून भागणार नाही, कारण हाच आरोप त्याच्यावर हयातीत झाला होता आणि आरोप करणाऱ्यांच्या बाजूला पोलीस होते. मी स्वतः आधी रशियनमधून आणि पुढे युक्रेनियन वाचायला शिकल्यावर तिच्यातूनही मराठीत कविता आणत आलो आहे. म्हणून पुढचं सगळं अभ्यासकाच्या नव्हे, अनुवाद करणाऱ्याच्या बाजूने वाचावं.

मराठी वाचकाला एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर झेरोवचा हट्ट कळणार नाही. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात मराठीत अनुवाद करा म्हणून सरकार मागे लागायचं. दक्षिणा प्राइज कमिटी त्यासाठी पैसे द्यायची, आणि चिपळूणकरांसारखे लोक उलट तक्रार करायचे की अनुवाद फार झाले, स्वतंत्र लिहा. युक्रेनियनची गत याच्या नेमकी उलटी. १८७६ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरने जर्मनीतल्या एम्स या गावी मुक्कामी असताना एक हुकूम काढला. त्यात युक्रेनियनमध्ये नवी पुस्तकं छापण्यावर, बाहेरून आणण्यावर, नाटकं करण्यावर बंदी होतीच. पण अनुवाद छापण्यावरही बंदी वेगळी नमूद केलेली होती. राज्यकर्त्यांना हे बरोबर कळलं होतं. खेडुतांची भाषा म्हणून लोकगीतं गायलीत तर कोणाचं काही बिघडत नाही. पण त्याच भाषेत होमर आणि शेक्सपिअर आले की ती 'बोली' आहे हे म्हणणं अवघड होऊन बसतं. बंदी थोडी सैल झाल्यावर मिखाइलो स्तारित्स्कीने १८८२ मध्ये कीव्हमध्ये युक्रेनियन 'हॅम्लेट' छापला, तर त्याची यथेच्छ टिंगल झाली. आगरकरांचं 'विकारविलसित' आलं त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८८३ मध्ये. आगरकरांच्या अनुवादावर बरीवाईट टीका करता येईल, पण मराठीत हॅम्लेट बोलूच शकत नाही असं म्हणायला कोणी धजावलं नसतं.

दुसरी पार्श्वभूमी आणखी मजेची आहे. आधुनिक युक्रेनियन साहित्याची सुरुवात ज्या पुस्तकापासून धरतात ते इवान कोत्ल्यारेव्स्कीचं 'एनेइदा', पहिली छपाई १७९८. हे रोमन कवी व्हर्जिलच्या 'एनीड' या महाकाव्याचं विडंबन. त्यातला नायक एनियस हा खाऊन-पिऊन मस्त असलेला कोसॅक लढवय्या, देवलोक म्हणजे गावच्या जमीनदारांची टोळी. पुस्तक अप्रतिम आहे, आजही हसवतं. पण त्याच्यामागे शंभर वर्षं अशी एक समजूत चालत राहिली की ही भाषा हसण्यारडण्यासाठी, गावरान थट्टेसाठी चांगली. गंभीर काही तिला पेलायचं नाही. या वृत्तीला युक्रेनियन टीकाकार 'कोत्ल्यारेव्श्चिना' म्हणतात. झेरोवने आयुष्यभर ज्याच्याशी भांडण मांडलं ते हेच, आणि म्हणून त्याच्या आयुष्याचं शेवटचं काम तेच व्हर्जिलचं महाकाव्य असावं, यात योगायोग कमी आणि निश्चय जास्त आहे.

जन्म पोल्तावा भागातल्या झिंकिवचा, २६ एप्रिल १८९०. भाऊ सगळे हुशार निघाले. एक, द्मित्रो, नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ झाला; दुसरा, मिखाइलो, 'ओरेस्त' या नावाने कवी आणि अनुवादक झाला, त्याचा उल्लेख पुढे येईल. मिकोला कीव्ह विद्यापीठात शिकला, मग झ्लातोपिलच्या शाळेत लॅटिन शिकवायला लागला. क्रांतीनंतर कीव्हमध्ये पुस्तक-परीक्षणाचं 'क्निहार' हे मासिक चालवलं. १९२० मध्ये, शहरात सत्ता कोणाची हे महिन्यागणिक बदलत असताना, त्याची 'रोमन कवितेचा संग्रह' ही पहिली मोठी कामगिरी बाहेर आली: कातुलस, व्हर्जिल, होरेस, प्रोपर्शियस, ओव्हिड, मार्शियल.

इथे कामाच्या अंगाने बोलतो. लॅटिन कविता इंग्रजीत नेणारा माणूस शब्दक्रमापाशी हरतो. लॅटिनमध्ये कर्ता ओळीच्या टोकाला आणि त्याचं विशेषण सुरुवातीला ठेवता येतं, प्रत्यय दोघांना धरून ठेवतात. युक्रेनियनला सात विभक्ती आहेत, संबोधन धरून, आणि ती रोजच्या बोलण्यात जिवंत आहेत. होरेस कोणालातरी हाक मारतो तेव्हा युक्रेनियनमध्ये ती हाक जशीच्या तशी उतरते. झेरोवच्या आधीही लॅटिनमधून अनुवाद झाले होते, पण भाषेची ही ताकद ओळखून ती पद्धतशीर वापरणारा तो पहिला. त्याच्या ओळीत भरतीचा शब्द सापडत नाही. मूळ ओळ जितकी आटोपशीर, तितकीच त्याची. कविता अनुवादणाऱ्याला यमक जुळवणं फारसं जड जात नाही, भर न घालणं जड जातं. या बाबतीत मी ज्यांना वाचलं आहे त्यांत झेरोवइतका कडक माणूस क्वचित.

त्याच १९२० मध्ये भुकेल्या कीव्हमधून तो जवळच्या बारिशिव्का या गावी शिकवायला गेला, कारण तिथे पगार धान्यात मिळायचा. गावाच्या नावात युक्रेनियन कानाला 'नफा' ऐकू येतो, म्हणून त्याने त्याचं लॅटिन बारसं केलं: लुक्रोझा. विनोद कडवट आहे, पण या गावातली तीनेक वर्षं कवी म्हणून त्याची सर्वांत फलदायी वर्षं. स्वतःची सुनीतं त्याने मुख्यतः इथे लिहिली.

त्यातलं एक, 'प्रो दोमो', १९२१ चं, म्हणजे जाहीरनामाच. सुरुवातीला तो देवाला सांगतो की हा पेला किती कडू आहे: हा जुनाटपणा, ही रानटी चव, हे पंख नसलेले स्वप्नाळू, ज्यांच्यामुळे आमची कविता प्रसिद्ध आहे. आणि मग उपाय सांगतो: अभिजात रेखीवपणा, कडक बाह्यरेषा, तर्काचा लोखंडी प्रवाह, लकोंत द लील आणि एरेदिया हे फ्रेंच कवी तुला खऱ्या शिखरावर नेतील. हे वाचून पळपुटेपणाचा संशय येणं स्वाभाविक आहे. एक भुकेला मास्तर खेड्यात बसून पॅरिसच्या संगमरवराची स्तुती करतो आहे.

पण त्याच वर्षाचं दुसरं सुनीत शेजारी ठेवा: 'चिस्ती चेत्वेर', म्हणजे ईस्टरआधीचा गुरुवार. देवळात मेणबत्त्या, ऊबदार धूर, वरून येणारं निराशेचं गाणं. ख्रिस्ताला पकडून नेलं त्या रात्रीचा पाठ वाचला जातो आहे. आणि आठव्या ओळीपर्यंत येता येता कविता बायबलमधून बाहेर पडते: आपल्याभोवती फाशीवाले आणि पहारेकरी, न्यायसभा, सीझर आणि त्याचा अधिकारी, कोंबडा आपल्यालाच सावध करायला आरवतो आहे, वाड्याच्या अंगणातली शेकोटी आपल्यासाठीच धुमसते आहे. ज्या शेकोटीपाशी हात शेकताना ख्रिस्ताच्या शिष्याने, पीटरने, 'मी याला ओळखत नाही' असं सांगितलं ती ही शेकोटी. १९२१ साली लिहिलेल्या या कवितेत पुढच्या सोळा वर्षांतले चौकशी अधिकारी, साक्षीदार, नाकारणारे मित्र असे सगळे हजर आहेत. वर्तमानपत्राच्या भाषेत लिहिलं असतं तर ती पुढच्या वर्षीच शिळी झाली असती, आणि छापलीही गेली नसती.

१९२४ मध्ये 'कामेना' हा त्याचा संग्रह निघाला. हयातीत निघालेला त्याच्या कवितांचा हा एकमेव संग्रह, आणि त्यात स्वतःच्या कविता आणि अनुवाद एकाच जिल्दीत शेजारी-शेजारी आहेत. प्रश्नकर्त्याने 'स्वतःचं लिहिणं सोडून अनुवाद' असा शब्दप्रयोग केला आहे, तो झेरोवला समजलाच नसता. त्याच्यासाठी ही एकच नोकरी होती.

सगळं निर्दोष आहे असं मात्र मी म्हणणार नाही. झेरोवची काही सुनीतं ग्रंथालयाच्या नोंदवहीसारखी वाटतात: चौदा ओळींत सहा पौराणिक नावं, टिपा लावल्याशिवाय उघडतच नाहीत. त्याच्या गटातला रिल्स्की कवी म्हणून जास्त गोड आणि जास्त मोकळा आहे. पण झेरोवचा चांगला दहा-पंधरा सुनीतांचा गठ्ठा घेतला तर त्या पिढीत त्याच्या तोडीचं फार नाही.

गट म्हणजे 'नवअभिजातवादी'. पाच जण: झेरोव, माक्सिम रिल्स्की, पावलो फिलिपोविच, मिखाइलो द्राय-ख्मारा आणि ओस्वाल्ड बुर्गहार्ट, जो पुढे युरी क्लेन या नावाने लिहू लागला. संघटना वगैरे काही नव्हती, सभासदत्व नव्हतं. पाच मित्र, पाचही जण अनुवादक. कीव्हला परतल्यावर झेरोव तिथल्या उच्च शिक्षण संस्थेत युक्रेनियन साहित्य शिकवू लागला आणि त्याची व्याख्यानं ऐकायला इतर विषयांची मुलं येऊन भिंतीला टेकून उभी राहत. १९२५ मध्ये मिकोला ख्विलोवीने, जो स्वतः कम्युनिस्ट होता, युक्रेनियन साहित्याने युरोपकडे पाहावं की गावठी समाधानात राहावं असा वाद पेटवला, तेव्हा झेरोव त्याच्या बाजूने उतरला. त्याची मागणी थोडक्यात अशी: जगातलं सर्वोत्तम अनुवादातून पचवा, स्वतःची परंपरा नीट तपासा, आणि लिहिताना कसोटी कडक ठेवा. आज हे कोणत्याही साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात खपेल. १९२६ च्या एप्रिलमध्ये मात्र स्टालिनने ख्विलोवीच्या विचारांबद्दल युक्रेनमधला पक्षप्रमुख कागानोविच याला रागाचं पत्र लिहिलं, आणि वाद साहित्याचा राहिला नाही. ख्विलोवीने १९३३ च्या मे महिन्यात स्वतःवर गोळी झाडून घेतली.

झेरोव हळूहळू गप्प झाला. टीका बंद, मग स्वतःच्या कविता छापणं बंद, राहिला अनुवाद. दुसऱ्या प्रश्नाचा हा नाजूक भाग आहे. विसाव्या शतकाच्या तिशीत सोविएत संघात अनुवाद हा खरोखरच आडोसा होता, पास्तर्नाकसारख्या रशियन कवींनीही तो घेतला. पण आडोशाला गेलेला माणूस तिथे काय करतो ते पाहावं. पोटापुरतं करून सोडून देणारे होते. झेरोव तिथे ते काम करत होता जे त्याने १९२० मध्ये, कोणाच्याही धाकाशिवाय, निवडलं होतं.

१९३४ हे वर्ष क्रूर होतं. त्याला अध्यापनातून काढलं. डिसेंबरमध्ये कीव्हमध्ये अठ्ठावीस जणांना गोळ्या घातल्या, त्यांत लेखक होते. आणि त्याच शरदात त्याचा दहा वर्षांचा एकुलता मुलगा स्कार्लेट फीव्हरने गेला. कामाच्या शोधात तो मॉस्कोकडे गेला. १९३५ च्या एप्रिलअखेर तिथेच पुश्किनो इथे अटक. १९३६ च्या फेब्रुवारीत कीव्हमध्ये बंद दाराआड लष्करी न्यायाधिकरणापुढे खटला, 'दहशतवादी राष्ट्रवादी संघटना' चालवल्याचा बनावट आरोप, दहा वर्षांची शिक्षा. फिलिपोविचही त्याच खटल्यात.

शिक्षा भोगायला पाठवलं श्वेत समुद्रातल्या सोलोव्की बेटांवर, जुन्या मठात केलेल्या छावणीत. तिथे साफसफाईची कामं करता करता त्याने 'एनीड'चा अनुवाद पुढे नेला. पत्नी सोफियाला लिहिलेल्या पत्रांत या कामाच्या बातम्या आहेत, आणि तो पूर्ण झाल्याचंही त्यांतून कळतं. बारा सर्ग, सुमारे दहा हजार ओळी. ज्या काव्याच्या विडंबनाने त्याच्या भाषेचं आधुनिक साहित्य सुरू झालं, त्या काव्याचा गंभीर, पूर्ण युक्रेनियन अवतार त्याच्या हातून तयार झाला होता. ते हस्तलिखित सापडलेलं नाही. अटकेआधी केलेले काही भाग तेवढे टिकले. छापील स्वरूपात पूर्ण 'एनीड' युक्रेनियनमध्ये आली ती १९७२ मध्ये, मिखाइलो बिलिकच्या अनुवादात.

९ ऑक्टोबर १९३७ ला लेनिनग्राडच्या त्रिकूट-समितीने, कैद्याला समोर न आणता, दहा वर्षांची शिक्षा मृत्युदंडात बदलली. ३ नोव्हेंबरला कारेलियातल्या सांदारमोख या जंगलात गोळी. त्याच दिवशी फिलिपोविच, नाटककार मिकोला कुलिश, दिग्दर्शक लेस कुर्बास, कादंबरीकार वालेरियान पिदमोहिल्नी. सोलोव्कीहून आणलेल्या त्या तुकडीतल्या १,१११ जणांना काही दिवसांत संपवलं. जागा सापडली १९९७ मध्ये. ती शोधणाऱ्यांपैकी युरी द्मित्रियेव या रशियन संशोधकाला २०१६ मध्ये अटक झाली आणि पुढे १५ वर्षांची शिक्षा. 'मेमोरियल' ही रशियन मानवाधिकार संस्था त्याला राजकीय कैदी मानते.

बाकीच्यांचं भराभर सांगतो. द्राय-ख्मारा १९३९ मध्ये कोलिमाच्या छावणीत मेला. त्याने सुरू केलेला दान्तेचा अनुवादही त्याच्याबरोबर गेला. बुर्गहार्ट वंशाने जर्मन, तो १९३१ मध्ये जर्मनीला निसटला. रिल्स्की त्याच वर्षी तुरुंगात जाऊन आला, स्टालिनवर गीत लिहिलं, जगला, सन्मान मिळवले. त्याला दोष देणं आपल्याला सोपं आहे, पण झेरोवचं नाव पुन्हा छापण्याजोगं व्हावं म्हणून त्याने शेवटी प्रस्तावना लिहिली, आणि त्याच्या मृत्यूनंतर १९६६ मध्ये ते 'निवडक' पुस्तक निघालं. गटाच्या कडेला असणारा सहावा, कादंबरीकार विक्तोर पेत्रोव, सोविएत गुप्तहेर होता. युद्धानंतर म्युनिकमधून नाहीसा झाला, मॉस्कोत उगवला, पुढे कीव्हला परतला आणि १९५७ मध्ये झेरोवच्या विधवेशी लग्न केलं. या माणसावर कोणी कादंबरी लिहिली तर संपादक म्हणेल, जरा कमी करा.

परंपरा तुटली नाही याचं श्रेय मी झेरोवच्या एका विद्यार्थ्याला देतो: ह्रिहोरी कोचुर, १९०८ ते १९९४. तोही कवी, तोही अनुवादक. १९४३ मध्ये पत्नीसह अटक, दहा वर्षं उत्तरेकडच्या इंता छावणीत. तिथे लिहिलेल्या कवितांची वही १९८९ मध्ये छापली गेली. छावणीत अनेक देशांचे लोक होते, त्यांच्याकडून तो भाषा शिकत राहिला. एकूण अनुवाद पंचवीसहून अधिक भाषांतून. सुटल्यावर कीव्हजवळच्या इर्पिनमध्ये राहिला. हेच ते इर्पिन, जिथे २०२२ च्या मार्चमध्ये रशियन सैन्याला अडवलं गेलं. त्याचं घर म्हणजे तरुण अनुवादकांचं अनौपचारिक विद्यापीठ होतं: ग्रंथसंग्रह खुला, चहा, आणि ओळ-ओळ तपासणी. १९७३ मध्ये लेखक संघातून हकालपट्टी झाली तरी लोक येत राहिले. झेरोवची दोन खंडांतली १९९० ची आवृत्ती ज्या दोघांनी सिद्ध केली त्यांतला एक कोचुर. परदेशात हेच काम झेरोवच्या भावाने, ओरेस्तने केलं होतं: १९४८ मध्ये निर्वासितांच्या जर्मनीत त्याने 'सोनेतारियम' हा झेरोवच्या सुनीतांचा संग्रह छापला, म्हणून बरीच सुनीतं टिकली.

कोचुरच्या बरोबरीचा मिकोला लुकाश वेगळ्या पंथाचा. 'फाउस्ट', 'डेकॅमेरॉन', अर्धवट राहिलेला 'डॉन किहोते'. झेरोव जिथे शब्द गाळतो तिथे लुकाश लोकभाषेचं कोठार रिकामं करतो. भावकवितेसाठी मी कोचुरच्या बाजूने, नाटक आणि गद्यासाठी लुकाशच्या. आणि माणूस म्हणून दोघांच्याही. १९७३ मध्ये टीकाकार इवान द्झ्युबाला तुरुंगवास झाला तेव्हा लुकाशने अधिकाऱ्यांना पत्र लिहून त्याच्या जागी मला शिक्षा भोगू द्या अशी मागणी केली. उत्तर म्हणून त्याचं छापणं बंद झालं. कवी वासिल स्तुसचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९७२ च्या अटकेनंतर कोठडीत बसून त्याने गोएटेच्या कविता अनुवादल्या, नंतर रिल्के, आणि १९८५ मध्ये पेर्मच्या छावणीत त्याचा अंत झाला. त्याच्याबद्दल इतरत्र पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून इथे लांबवत नाही.

आता वाचायचं कसं. 'चिस्ती चेत्वेर'पासून सुरुवात करा, मग 'प्रो दोमो', मग कीव्हवरची सुनीतं. रशियनवरून झेरोव वाचू नका. ती भाषा जवळची म्हणून फसवते आणि त्याची लय सपाट करते. युक्रेनियन लिपी आठवड्याभरात येते, व्याकरण मराठी माणसाला विभक्तींमुळे फार परकं वाटत नाही.

मराठीत आणायचा विचार असेल तर छंदाबद्दल एक सांगतो. सुनीत म्हटलं की आपला हात केशवसुतांच्या सवयीने शार्दूलविक्रीडिताकडे जातो. झेरोवची ओळ बहुधा दहा-अकरा अक्षरांची, शार्दूलविक्रीडिताची एकोणीस. उरलेल्या आठ-नऊ अक्षरांत तुम्ही विशेषणं भराल आणि झेरोव हातातून जाईल. इंद्रवज्रेची अकरा अक्षरं कागदावर नेमकी बसतात, पण मराठीचे प्रत्यय लांब, ओळ गुदमरते. मला वसंततिलका बरा वाटत आला आहे, चौदा अक्षरं. थोडी मोकळीक मिळते आणि चाल धीमी राहते. पहिल्या आठ ओळींत यमकाची एखादी जोडी सैल सोडलीत तरी चालेल. शेवटच्या सहांत सोडू नका, कारण त्याचा युक्तिवाद तिथे बांधला जातो. आणि पौराणिक नावांना तळटीप द्या, कवितेत समजावून सांगू नका.